गाण्याचा गुरू कसा ओळखावा?



व्याख्यानमालेच्या पत्रिकेत गाण्याच्या विषयापुढे हमालांच्या संघटनेतल्या माणसाचे नाव पाहून आपल्यांपैकी काही जणांना छापखान्याची चूक वाटली असेल. ती चूक नाही. मी गवई नाही, संगीताचा पंडित तर मुळीच नाही. मोंढ्यात पोती वाहणाऱ्या माणसांची संघटना बांधण्यात माझी तीसेक वर्षे गेली. शाळा दहावीच्या अलीकडेच सुटली. पुढचे जे काही शिक्षण झाले ते वाचनालयाच्या बाकावर आणि अशाच व्याख्यानांच्या मागच्या रांगेत. तरीही हा विषय मी मागून घेतला. गाणे शिकवणाऱ्या एका माणसाने मला चौदाव्या वर्षी मुके केले आणि दुसऱ्या एका शिक्षिकेने सेहेचाळिसाव्या वर्षी गाते केले. विद्या तीच, सात सूर तेच, शिकणारा गळाही तोच. मग फरक पडला कशाने? ह्या प्रश्नाचा मी जमेल तसा शोध घेतला. त्यातून जे हाती लागले ते आपल्यापुढे ठेवतो.

प्रथम माझी हकीकत सांगतो, कारण पुढचे सारे तिच्यावर उभे आहे. आमच्या घरी गाणे भजनापुरते. वडील मोंढ्यात हमाल होते; दिवसभर पोती वाहून एकादशीच्या रात्री टाळ घेऊन उभे राहत. आईला ओव्या येत, त्या तिला तिच्या आईकडून आलेल्या. गंगाखेडची जनाबाई आमच्याकडे देवघरापेक्षा स्वयंपाकघरात जास्त असे. मी त्यांच्यात मिसळून गात असे आणि मला कोणी कधी बेसूर म्हटले नव्हते. म्हणून चौदाव्या वर्षी हट्टाने एका गायनवर्गात नाव घातले. तो वर्ग कोणता आणि गुरुजी कोण, हे सांगण्याचे कारण नाही. ते आज हयात नाहीत, आणि दोष त्यांचा एकट्याचा नव्हता हेही पुढे सांगणार आहे.

वर्गात पंचवीस मुले होती, त्यांत मुली जास्त. पेटी एक. गुरुजी काळी चारचा षड्ज धरीत आणि सगळ्यांनी त्यात मिसळायचे. मुलींना ती पट्टी सोयीची होती. माझा आवाज मात्र त्याच वर्षी फुटला होता. वडिलांसारखा जाड होऊ लागला होता, पण अजून ठरला नव्हता. आज मला ठाऊक आहे की त्या आवाजाचा षड्ज काळी एकच्या आसपास होता. पेटी समोर ठेवून पट्ट्या मोजल्या तर कोणालाही दिसेल की काळी एकला षड्ज मानले तर काळी चार हा त्याचा पंचम येतो. म्हणजे वर्ग जेथून गाण्याला सुरुवात करी, तेथे पोहोचेपर्यंत माझी अर्धी शिडी चढून झालेली असे. वर्गाचा तार षड्ज म्हणजे माझा तार पंचम. तो मी मान ताणून, शिरा फुगवून, ओरडून गाठण्याची धडपड करी आणि अर्थातच तो लागत नसे. तीन महिन्यांनी गुरुजी सर्वांदेखत म्हणाले, “तुझ्या गळ्यात सूर नाही. तू तबला शीक.” तबल्याची फी वेगळी होती. मी घरी आलो, आणि त्या एकादशीला वडिलांच्या शेजारी उभा राहिलो तो तोंड मिटून.

पुढे तीस वर्षे मी गायलो नाही. घोषणा मात्र पुष्कळ दिल्या. मोंढ्याच्या फाटकावरची सभा म्हणजे मालमोटारींच्या आवाजावर आवाज चढवून बोलणे. सेहेचाळिसाव्या वर्षी आवाज असा बसला की घरातल्या माणसांनाही बोलणे समजेना. कानाघशाच्या डॉक्टरांनी नळी घालून पाहिले आणि स्वरतंतूंवर गाठी आल्याचे सांगितले. ह्या गाठी म्हणजे काय, हे त्यांनी मला माझ्याच भाषेत समजावले. स्वरयंत्रात दोन नाजूक पडद्या असतात. बोलताना पुरुषाच्या पडद्या सेकंदाला साधारण शंभर ते दीडशे वेळा एकमेकींवर आपटतात. स्त्रियांच्या दोनशे वेळांच्या आसपास. जोर लावून ओरडले की हे आपटणे रगडण्यासारखे होते, आणि हमालाच्या खांद्यावर घट्टा पडतो तसा तेथे घट्टा पडतो. ते म्हणाले, “कापाकापीची घाई नको. पंधरा दिवस मौन पाळा, आणि मग आवाज लावायला नव्याने शिका.” त्यांनीच एका निवृत्त संगीतशिक्षिकेकडे पाठवले. त्यांना मी बाई म्हणत असे, येथेही तसेच म्हणतो.

पहिल्या दिवशी बाईंनी पेटी उघडली नाही आणि स्वतःही गायल्या नाहीत. मला माझ्या गावाविषयी, घराविषयी बोलायला लावले आणि ऐकत राहिल्या. नंतर तंबोरा लावला आणि एवढेच म्हणाल्या, “गाऊ नका. नुसते ऐका.” पाव तास आम्ही दोघे ऐकत बसलो. मग त्यांनी मला तोंड मिटून गुणगुणायला सांगितले, जेथे सहज येईल तेथे. मी गुणगुणलो. त्यांनी तंबोऱ्याच्या खुंट्या पिळून तो माझ्या गुणगुणण्याला मिळवला. आयुष्यात प्रथमच वाद्य माझ्याकडे आले. एरवी मीच वाद्याकडे धावत होतो. मी त्यांना लहानपणची गोष्ट सांगितली. त्या क्षणभर थांबून म्हणाल्या, “तुम्ही बेसूर नव्हता. तुमची पट्टी कोणी शोधली नाही.”

मोंढ्यातल्या माणसाला पट्टी म्हणजे काय हे वेगळे सांगावे लागत नाही. माल विकल्यावर शेतकऱ्याच्या हातात पडते ती हिशेबाची पट्टी. तिच्यात चूक झाली तर वर्षाची मेहनत बुडते. गाण्यातली पट्टी चुकली तर किती बुडते, हे मला त्या दिवशी कळले.

आता ह्या दोन अनुभवांवरून सर्वसामान्य असे काय म्हणता येईल? मला जो मुख्य भेद दिसतो तो असा. कच्चा शिक्षक विद्यार्थ्याला आपले गाणे देतो. खरा शिक्षक त्याला कान देतो. गुरुजी समोर असताना चूक दाखवणार, हे ठीकच आहे. परंतु घरी रियाजाला बसल्यावर चूक कोण दाखवणार? ज्याला आपला स्वर लागला की हुकला हे स्वतःला ऐकू येते, तोच घरी बसून पुढे जाऊ शकतो. ज्याला ते ऐकू येत नाही तो जितका रियाज करील तितकी चूक पक्की करील. म्हणून शिकवण्याचे पहिले काम गळ्यावर नाही, कानावर आहे.

ह्या कामात तंबोऱ्याचे महत्त्व मला उशिरा कळले. तंबोऱ्याला बहुधा चार तारा: एक पंचमाची, मधल्या दोन षड्जाच्या, शेवटची खर्जाची. तो गाण्याची चाल सांगत नाही, विद्यार्थ्याच्या पुढे धावत नाही. नुसती जमीन अंथरतो. पाऊल ज्याचे त्याने टाकायचे. तंबोरा नीट जुळला आणि जवारीचा दोरा बरोबर बसला, की खर्जाच्या तारेतून गंधार आपोआप उमटतो. बाईंनी मला तो ऐकायला शिकवला तेव्हा पहिले आठ दिवस मला काही ऐकू आले नाही. नवव्या दिवशी आला, आणि मग तो तेथे नव्हता असे म्हणताच येईना. पेटीचे तसे नाही. पेटी स्वर तयार करून हातात देते. विद्यार्थी तिच्या आवाजाच्या पोटात आपला आवाज लपवतो, आणि स्वर लागला असे दोघांनाही वाटते. शिवाय आज बाजारात मिळणाऱ्या बहुतेक पेट्यांचे बारा स्वर समान अंतरांवर बसवलेले असतात, त्यामुळे त्यांचा शुद्ध गंधार तंबोऱ्यातल्या गंधाराहून किंचित चढा असतो. आकाशवाणीने १९४० साली पेटीवर बंदी घातली होती, ती १९७१ पासून सैल झाली. मी त्या टोकाला जाणार नाही. गोविंदराव टेंबे यांच्यासारख्यांनी ज्या वाद्यातून एवढे संगीत काढले, त्या वाद्याला दोष कसा द्यावा? दोष आहे तो तासभर पेटी दाबून धरून तिलाच शिकवू देणाऱ्याचा. आता तर मोबाइलमध्येही तंबोरा मिळतो, तेव्हा खर्चाची सबब उरलेली नाही.

दुसरी गोष्ट, खरा शिक्षक एका वेळी एकच चूक धरतो. “पुन्हा म्हण, पुन्हा म्हण” हे शब्द दोन्ही प्रकारच्या शिक्षकांच्या तोंडी सारखेच असतात. फरक इतकाच की एकाला पुन्हा कशासाठी हे ठाऊक असते. बाई म्हणत, “सगळे ठीक आहे, फक्त मध्यमावरून उतरताना श्वास संपतोय. तेवढाच तुकडा घ्या.” काम इतके लहान करून दिले की माणूस घाबरत नाही, आणि झाले की नाही हे त्याचे त्यालाच समजते. “तुझ्या गळ्यात सूर नाही” ह्या वाक्यात मात्र करण्यासारखे काहीच नसते. तो निवाडा आहे, शिकवणे नव्हे.

ह्या बाबतीत कुंदगोळचे उदाहरण मला फार मोठे वाटते. रामभाऊ कुंदगोळकर, म्हणजेच सवाई गंधर्व (१८८६–१९५२), यांनी मराठी रंगभूमी गाजवली, आणि नंतर धारवाडजवळच्या आपल्या गावी शिष्य तयार केले. गंगूबाई हनगल हुबळीहून आगगाडीने त्यांच्याकडे शिकायला जात. एकेक लहान पलटा पक्का होईपर्यंत पुढचा मिळत नसे. कृपण माणूस पैसा खर्च करतो तसे स्वर जपून खर्च करायला गुरूंनी शिकवले, असे गंगूबाई सांगत असत. भीमसेन जोशी लहानपणीच गाण्यासाठी घर सोडून निघाले, पुष्कळ भटकले आणि १९३६ च्या सुमारास ह्याच गुरूंकडे येऊन राहिले. तेथील काही वर्षांत त्यांना मुख्यतः तीन राग मिळाले: तोडी, मुलतानी आणि पुरिया. आजच्या पालकाला हे सांगितले तर तो फी परत मागेल! पण ज्याला तीन राग असे मिळाले की त्यातून राग कसा उलगडायचा हेच कळले, त्याला पुढचे राग स्वतः कमावता येतात.

कुंदगोळचा दुसरा धडा याहून मोलाचा आहे. गंगूबाई, भीमसेन आणि फिरोज दस्तूर हे तिघेही एकाच गुरूचे शिष्य. परंतु तिघांचे गाणे डोळे मिटून ऐकले तरी एकाचे दुसऱ्याला लावता येणार नाही. गंगूबाईंचा आवाज ऐन उमेदीत घशाच्या दुखण्यानंतर बदलला आणि भारदस्त, जवळजवळ पुरुषी झाला. त्या आवाजाला पूर्वीसारखा बारीक करण्याचा खटाटोप न करता त्यातूनच त्यांचे गाणे उभे राहिले. भीमसेनांचा आवाज मेघासारखा, दस्तुरांचा मऊ आणि थेट अब्दुल करीम खाँसाहेबांच्या वळणाकडे झुकणारा. एका घराण्याचे हे तीन स्वतंत्र गळे. यावरून मी एक खूण बांधली आहे. ज्या वर्गातली सगळी मुले हुबेहूब गुरुजींसारखी, त्यांच्या खोकण्यासकट गातात, तेथे शिकवणे झाले नाही, नक्कल झाली.

नकलेवरून कुमार गंधर्व आठवतात. बेळगावजवळच्या सुळेभावीचा हा मुलगा (जन्म १९२४) लहान वयात ध्वनिमुद्रिका ऐकून मोठमोठ्या गवयांची गाणी जशीच्या तशी गात असे, आणि लोक थक्क होत. अशा मुलाचे दोन प्रकारे नुकसान करता येते. एक, त्याची नक्कल चालू ठेवून तिकिटे विकणे. दुसरे, त्याचे सारे पुसून त्याला आपली नक्कल करायला लावणे. अकरा-बारा वर्षांचा असताना तो मुंबईला प्रा. बी. आर. देवधर यांच्याकडे आला. देवधर हे विष्णु दिगंबर पलुसकरांचे शिष्य. आवाज कसा घडतो, याचा शास्त्रशुद्ध अभ्यास केलेला माणूस. गवई म्हणून त्यांचे नाव घराघरांत नव्हते, पण त्यांच्या शाळेत नाना घराण्यांचे गवई येत, गात, चर्चा करीत. त्यांनी मुलाला आपल्या एका घराण्याच्या कुंपणात कोंडले नाही. सगळ्यांचे ऐकू दिले, आणि हे असे का, ते तसे का, असे विचारायला शिकवले. पुढे १९४७ नंतर क्षयाने कुमारांचे एक फुप्फुस निकामी केले. काही वर्षे गाणे पूर्ण बंद होते. पूर्वीचा दमसास गेल्यावर नुसता नकलाकार असता तर तेथेच संपला असता. कुमारांनी उरलेल्या श्वासाला शोभेल असे नवे गाणे घडवले. ते कर्तृत्व त्यांचे, यात वाद नाही. परंतु विचार करण्याची सवय लहानपणी कोणीतरी मोडली नव्हती, हेही तितकेच खरे.

येथे एक शंका कोणी काढील. उत्तम गवई तोच उत्तम शिक्षक नव्हे काय? माझे उत्तर असे की कधी असतो, कधी नसतो. ज्याच्या गळ्यात सारे उपजत आले त्याला वाट शोधावी लागलेली नसते. म्हणून वाट चुकलेल्याला कोठून वळवावे, हे त्याला उमगत नाही. उलट अल्लादिया खाँसाहेबांचे (१८५५–१९४६) पाहा. तरुणपणीच त्यांचा आवाज गेला. परत आला तो पूर्वीचा नव्हता, आणि त्या आवाजाला झेपेल अशी गायकी त्यांनी नव्याने बांधली. गाण्याची घडी मोडून पुन्हा घातलेल्या ह्या माणसाकडून केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर अशा दोन निराळ्या तेजाच्या गायिका घडल्या, यात मला नवल वाटत नाही. तसेच भास्करबुवा बखले (१८६९–१९२२). फैज महंमद खाँ, नत्थन खाँ आणि अल्लादिया खाँ अशा तीन उस्तादांकडे ते शिकले. तिघांच्या तीन तऱ्हा पचवलेला हा माणूस शिकवायला बसे तेव्हा समोरच्याला काय शोभेल हे पाही. बालगंधर्वांना त्यांनी रंगभूमीवरून उठवून मैफलीचे गवई केले नाही. रंगभूमीचे गाणेच रागदारीच्या पायावर घट्ट उभे केले. मास्टर कृष्णराव त्यांच्याकडेच तयार झाले, आणि ते पुढे आपल्या वाटेने गेले.

जुनी गुरुकुलाची रीत सर्वांगी चांगली होती, असेही मी म्हणणार नाही. कितीतरी गुरूंनी वर्षानुवर्षे पाणी भरून घेतले आणि चीज लपवून ठेवली. सामान्य घरच्या मुलाला, विशेषतः मुलीला, तेथे दार नव्हते. विष्णु दिगंबरांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले ते राजेरजवाड्यांच्या आश्रयावर नव्हे, तर लोकांच्या आधारावर. विष्णु नारायण भातखंडे यांनी उस्तादांकडच्या शेकडो चिजा मिळवून स्वरलिपीत छापल्या, आणि १९२६ साली लखनौला मॅरिस कॉलेज उभे राहिले. ह्या दोघांमुळे गाणे चार घरांतून चाळीस हजार घरांत गेले. हमालाचा मुलगा फी भरून वर्गात बसू शकला, तो त्यांच्या पुण्याईने. तेव्हा वर्ग, पुस्तक आणि परीक्षा यांना नावे ठेवणे कृतघ्नपणाचे होईल.

पण प्रत्येक सोयीबरोबर एक रोग येतो. पलुसकर १९३१ साली गेले, आणि त्याच वर्षी त्यांच्या शिष्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केले. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद ही त्याच्या परीक्षांची पायरी आज परभणी, सेलू, जिंतूर, गंगाखेडच्या मुलांनाही माहीत आहे. परीक्षा म्हणजे काटा. मोंढ्यात काटा पाहिजेच, नाहीतर फसवणूक होईल. पण माल दहा वेळा काट्यावर चढवला म्हणून त्याचे वजन वाढत नाही; वजन शेतात वाढते. जो वर्ग जूनपासून परीक्षेचेच राग, परीक्षेच्याच ताना पाठ करून घेतो, तेथून प्रमाणपत्र घेऊन निघालेल्या मुलाला पेटी बंद केल्यावर षड्ज लावता येत नाही. अशी मुले मी पाहिली आहेत, आणि त्यांच्या आईवडिलांनी भरलेले पैसेही.

आता मी माझ्या पहिल्या गुरुजींच्या बाजूने दोन शब्द बोलतो. संघटनेच्या माणसाला ते बोलावेच लागतात. एका तासात पंचवीस-तीस मुले बसवली तर प्रत्येकाच्या वाट्याला दोन मिनिटे येतात. दोन मिनिटांत कोणाची पट्टी कोण शोधणार? मुले कमी घ्यावीत तर जागेचे भाडे सुटत नाही. शाळेत संगीतशिक्षक ठेवला तर तो तासिकेवर; स्नेहसंमेलन आले की त्याची आठवण, एरवी त्याचा तास गणिताला. ज्याचे पोट तीन ठिकाणी धावपळ केल्याशिवाय भरत नाही, त्याच्याकडून धीराने ऐकून घेण्याची अपेक्षा आपण कोणत्या तोंडाने करावी? चांगले शिकवणे हे गुणावर अवलंबून आहे तसेच ते सवडीवरही आहे, आणि सवड विकत मिळते. पालकांनी आणि संस्थांनी हे ओळखले पाहिजे. मात्र एक गोष्ट पैशावाचूनही होऊ शकत होती. मुलांचे दोन गट करून फुटलेल्या आवाजाच्या मुलांना वेगळी पट्टी देता आली असती. आवाज फुटण्याच्या वर्ष-दोन वर्षांत मुलाला थोड्याच स्वरांत, हलक्या आवाजात ठेवावे आणि मुख्य म्हणजे तू बेसूर आहेस असे त्याला सांगू नये. ज्यांना जन्मतः स्वरातला उंचसखलपणा कळतच नाही अशी माणसे असतात, पण ती फार थोडी. बाकीच्यांना “गळा नाही” म्हणणे म्हणजे न तोलताच माल परत पाठवणे होय.

आपल्या भागाला तर हे पटायला हरकत नाही. येथे गाणे हा काही निवडक लोकांचा मक्ता कधी नव्हता. जात्यावर बसलेल्या बाईला कोणी विचारले नाही, तुझा आवाज चांगला आहे का म्हणून. महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या अलीकडच्या काळात गोळा झाल्या, त्या सांगणाऱ्या सगळ्या साध्या कष्टकरी बाया. दुसरीकडे शास्त्रोक्त गाण्याचीही वाट मराठवाड्यात बंद नव्हती. नांदेडला अण्णासाहेब गुंजकरांकडे शिकलेले नाथराव नेरळकर (१९३५–२०२१) पुढे औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, पिढ्यान्‌पिढ्या शिकवत राहिले. म्हणजे ऐकणारे कान येथे आहेत आणि शिकवणारेही आहेत. निवड करणारा जागा हवा.

ती निवड कशी करावी? एखाद्या वर्गात मुलाचे नाव घालण्यापूर्वी आपण एक तास मागे जाऊन बसावे आणि चार गोष्टी पाहाव्यात. तासात गुरुजी किती गातात आणि मुले किती गातात? मूल एकटे गात असताना गुरुजी ऐकतात, की पेटीवर त्याचा आवाज झाकून टाकतात? चूक झाली तर नेमके काय चुकले ते सांगतात, की नुसते रागावतात? आणि गेल्या चार-पाच वर्षांतली मुले एकमेकांपासून वेगळी गातात का? गुरुजींच्या भिंतीवरचे सत्काराचे फोटो मोजू नयेत. घरी मूल रियाजाला बसले असताना मध्येच आपण होऊन थांबले आणि “हे नाही लागले” म्हणून पुन्हा सुरू झाले, तर खुशाल समजावे की गुरू बरा मिळाला.

शेवटी माझ्या धंद्यातली एक गोष्ट सांगतो. तिने मला हा विषय खरा शिकवला. डॉक्टरांनी मला मौन दिले त्याच पंधरवड्यात हमालीच्या दराची बोलणी ठरली होती. मी गप्प बसलेला, गळ्यावर बोट ठेवून खुणा करणारा. समोर व्यापारी. माझ्या बाजूला आमचे पाच माणसे, पोत्यामागे काय मिळते आणि काय मिळायला हवे हे बोटावर मोजणारी. पण तोंड उघडायला एकही तयार नव्हता. वीस वर्षे त्यांच्या वतीने मीच बोलत आलो होतो, आणि लोक टाळ्या वाजवत होते. तोपर्यंत मला ते माझे यश वाटत असे. त्या दिवशी बोलणी पुढे ढकलावी लागली, आणि वाढलेला दर त्या हंगामात मिळाला नाही. त्याचा बोजा माझ्या नाही, त्यांच्या खांद्यावर पडला.

मी त्या लोकांना माझे गाणे ऐकवत आलो होतो. त्यांची पट्टी शोधली नव्हती.

बाईंकडे जाऊ लागल्यावर मी सभेची रीत बदलली. दर बैठकीत एकेकाने उठायचे, आपल्या टोळीचा हिशेब आपल्या शब्दांत मांडायचा आणि मी मागे बसून ऐकायचे. अडखळला तर एकच गोष्ट सांगायची. पहिल्या वर्षी फार वेळ गेला, काही जण कंटाळलेही. पुढल्या बोलण्यांत मात्र चार जण बोलले. त्यांतला एक माझ्याहून चांगला बोलला, आणि खरे सांगतो, घटकाभर मला ते टोचले. शिकवणाऱ्याला हे टोचणे सोसावे लागते. बाईंना मी हे सांगितले तेव्हा त्या हसल्या आणि तंबोऱ्याची गवसणी काढता काढता म्हणाल्या, “आता तुम्ही पण तंबोरा स्वतः लावा. मी लावणार नाही.” तो नीट लागायला मला चार महिने लागले.

वडील आता नाहीत. एकादशीला मी त्यांचे टाळ घेऊन उभा राहतो आणि माझ्या पट्टीत गातो. शेजारी कोणी चौदा वर्षांचे पोर वरच्या पट्टीत ओढाताण करताना दिसले, तर खाली वाकून त्याला हळूच सांगतो, “थोडे खाली घे, बाळा. तेथे तुझा सूर आहे.” बहुतेक वेळा तो तेथे असतोच.